मुंबईहून कराची किती दूर?

पृथ्वीचा गोल ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो एकवार खाली उतरवावा, वरील धूळ पुसावी, आणि एक बारीक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे कराचीवर ताणून धरावे. घरातील मुले भोवती असतील तर उत्तमच. दोरा किती भरला हे पाहण्यापूर्वी प्रत्येकास विचारावे की, मुंबईहून कराची किती दूर असेल? संस्कृत शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचा तासही मजकडे येई, आणि हा प्रश्न मी कित्येक वर्गांस घातला आहे. कोणी दोन हजार किलोमीटर म्हणे, कोणी पाच हजार. परदेश म्हटला की तो दूरच असावयाचा, ही समजूत मुलांच्याच काय, थोरांच्याही मनात पक्की बसलेली असते.

गोलावर ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो, आणि विमानाची वाटही, मध्ये काही आडवे आले नाही तर, हीच असते. ज्यांच्याकडे गोल नाही त्यांना पाटीवरही अंतर काढता येईल. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ५ कला आणि पूर्व रेखांश ७२ अंश ५२ कला ह्या ठिकाणी आहे. कराचीचा विमानतळ अक्षांश २४ अंश ५४ कला, रेखांश ६७ अंश १० कला. म्हणजे उत्तरेकडे ५ अंश ४९ कला चढावयाचे व पश्चिमेकडे ५ अंश ४२ कला सरावयाचे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाता जाता आखूड होतो, आणि ह्या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात तो सुमारे १०३ किलोमीटर भरतो. तेव्हा एक बाजू ६४६ किलोमीटर, दुसरी ५८७. आपल्या जुन्या गणित्यांच्या भाषेत बोलावयाचे तर भुज व कोटी सापडले, आता कर्ण काढावा. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून मूळ घेतले की ८७३ येतात. इतक्या लहान अंतरास पृथ्वीची वक्रता फारसा दगा देत नाही, म्हणून हे उत्तर खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ आहे. पावणेनऊशे किलोमीटर धरून चालू.

पावणेनऊशे म्हणजे किती? मुंबईहून बंगळूर आकाशमार्गाने सुमारे ८३५ किलोमीटर आहे, म्हणजे कराची तिच्याहून चाळीस किलोमीटरच पलीकडे. मुंबईहून नागपूर ६८५ च्या आसपास. दिल्ली मात्र ११४० किलोमीटर पडते. आणि मौज अशी की, कराचीहून तिची राजधानी इस्लामाबाद सुमारे ११०० किलोमीटर आहे. दोन्ही शहरे आपापल्या राजधानीपेक्षा एकमेकांस जवळ आहेत. विमानाने जावयाचे झाल्यास मार्ग दीड ते पावणेदोन तासांचा. पुण्याहून निघालेला मनुष्य मोटारीने मुंबईस पोहोचतो न पोहोचतो, इतक्या वेळात मुंबईचा मनुष्य कराचीस उतरेल.

उतरेल म्हटले खरे. त्याविषयी पुढे येईलच.

आजच्या तरुण पिढीस कदाचित ठाऊक नसेल, परंतु कराची हे एके काळी आपल्याच इलाख्यातील शहर होते. इंग्रजांनी १८४३ साली सिंध घेतला, १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडला, आणि १ एप्रिल १९३६ रोजी त्याचा निराळा प्रांत झाला. मधली एकोणनव्वद वर्षे कराचीचा कारभार मुंबईच्या गव्हर्नराकडे होता. कराचीचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेस बसे. सरकारी नोकर आज रत्नागिरीस तर उद्या कराचीस बदलून जाई, आणि त्याच्या घरी त्याचे कोणास फार आश्चर्य वाटत नसे. धारवाडास जाणे तसे कराचीस जाणे. टपाल, महसूल, बांधकाम, शिक्षण अशा खात्यांतून मराठी कारकून आणि मास्तर तेथे जाऊन राहिले. कराचीची पहिली सरकारी इंग्रजी शाळा १८५५ साली निघाली. तिला पुढे नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याचे नाव देण्यात आले. सिंधी भाषेच्या शालेय शिक्षणाची घडी बसविणाऱ्या आरंभीच्या मंडळींत ह्या गृहस्थांची गणना होते. माझ्यासारख्या मास्तरकी केलेल्या माणसास एका मास्तराच्या वरिष्ठाचे नाव इतकी वर्षे एका शाळेवर टिकून राहावे ह्याचे अप्रूप वाटते, हे मी लपवीत नाही.

माझे आजोळ ह्याच वाटेने कराचीस गेले होते. आईचे वडील तेथे एका कचेरीत कारकून होते, आणि आईचा जन्म कराचीचा. तिच्या लहानपणच्या गोष्टींत पाऊस कधी नसे. कोकणातून गेलेल्या आजीला त्या कोरड्या हवेचे फार दुःख होई. आईला मात्र तीच हवा स्वाभाविक वाटे, आणि पुढे पुण्यास आल्यावर आषाढात तिचे कपडे वाळत नसत तेव्हा ती कराचीची आठवण काढी. उंट जोडलेले मोठे गाडे, बंदर रोडवरून जाणारी ट्राम, क्लिफ्टनची वाळू, समोर मनोऱ्याचे बेट, आणि कियामारीच्या धक्क्यावरून सुटणारी मुंबईची आगबोट. मुंबई म्हणजे काय, तर त्या बोटीच्या पलीकडच्या टोकाला असलेले गाव, इतकीच तिची लहानपणची कल्पना होती. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे ५०० सागरी मैल भरते, आणि त्या वेळच्या बोटीला त्यास दोन रात्री लागत. आगगाडीनेही जाता येई. अहमदाबादेपर्यंत एक गाडी, तेथून मारवाड आणि थरचे वाळवंट ओलांडून सिंधमधील हैदराबादेस नेणारी दुसरी, आणि तेथून कराचीची तिसरी. परंतु सामान आणि लेकुरवाळी बाई बरोबर असली की लोक बोटच पसंत करीत.

विमानाचा ह्या हकीकतीत प्रवेश होतो तो १९२९ साली. आज मुंबई व दिल्ली ही हिंदुस्थानची विमानद्वारे आहेत. तेव्हा ते द्वार कराची होते. ३० मार्च १९२९ रोजी लंडनहून कराचीपर्यंत विमानाची टपालवाट सुरू झाली. सात दिवस लागत, मध्ये युरोपात काही टप्पा आगगाडीने काढावा लागे, आणि भाडे होते १३० पौंड. त्याच सुमारास इंग्रज सरकारने विमानांखेरीज वायुनौकांचाही घाट घातला होता. 'आर १०१' नावाची ७७७ फूट लांबीची एक अवाढव्य नौका बांधण्यात आली, आणि ती कराचीस येऊन विसावणार म्हणून तेथे तिच्या मापाची एक प्रचंड कोठी उभारण्यात आली. नौका ४ ऑक्टोबर १९३० रोजी इंग्लंडातून निघाली व दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये कोसळून जळाली. ५४ पैकी ४८ माणसे गेली. कराचीची कोठी पाहुण्याविना तशीच उभी राहिली. लोक तिला 'काळा छपरा' म्हणत. पुढे तीही मोडून टाकण्यात आली.

लंडनचे टपाल कराचीपर्यंत हवेतून येई खरे. परंतु तेथून मुंबईस व मद्रासेस जमिनीवरूनच जावयाचे. ही उणीव भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट ह्या वैमानिकाने टाटांपुढे मांडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जहांगीर रतनजी टाटा कराचीच्या द्रिघ रोड मैदानावरून 'पस मॉथ' जातीचे एका इंजिनाचे लहानसे विमान घेऊन निघाले. बरोबर टपालाच्या पिशव्या, वजन सुमारे पंचवीस किलो. प्रवासी कोणी नाही. विमानात बिनतारी यंत्र नाही, वाट दाखविणारा जमिनीवर कोणी नाही; खाली कच्छचे रण व समुद्राचा काठ, हाती नकाशा. विमान अहमदाबादेस उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! ते भरून घेऊन टाटा पुन्हा उडाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मैदानावर उतरले. मद्रासेचे टपाल घेऊन पुढे बेल्लारीमार्गे व्हिन्सेंट गेले. हिंदी माणसांनी उभारलेल्या नियमित हवाई वाहतुकीचा प्रारंभ तो हा. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९३३ साली, त्यांच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण केले आणि १५५ उतारू नेले. वर्षाला १५५! आज एका विमानात ह्याहून अधिक माणसे बसतात. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की हाच सगळा खटाटोप पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलविण्यात येई, तेव्हा लंडनचे ताजे टपाल काही महिने मुंबईच्या आधी पुण्यात उतरत असे. पुणेकरांनी ह्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

वाचकांनी येथे एक आकडा ध्यानात ठेवावा. अहमदाबादेवरून वळसा घेतल्यामुळे टाटांची वाट १०३५ किलोमीटरांच्या आसपास झाली. विमानाचा वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. आणि मधला मुक्काम धरून एकंदर वेळ लागला सव्वासात तास. हा आकडा पुढे लागणार आहे.

१९४७ साली फाळणी झाली. त्या शरद ऋतूत आजोबा कुटुंबासह आगबोटीने मुंबईस परतले. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. डेकवर पाय ठेवावयास जागा नव्हती, एवढेच ती सांगे. ह्याहून अधिक सांगावयास ती कधी राजी नसे. मराठी मंडळींना निदान परत जावयास गाव होते. सिंधी हिंदूंना तेही नव्हते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जे निर्वासित आणून ठेवले त्यांचे १९४९ साली उल्हासनगर झाले. ज्यांनी हे शहर केवळ बाजारासाठी पाहिले असेल त्यांनी पुढल्या खेपेस एखाद्या वृद्ध दुकानदाराला त्याच्या वडिलांचे गाव विचारून पाहावे.

तरीही वाट लगेच तुटली नाही, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही. फाळणीनंतरही मुंबई आणि कराची ह्यांच्यामध्ये बोटी चालत, आगगाडीचा थरचा रस्ता उघडा होता, विमानेही होती. १९६५ च्या युद्धाने बोटी व आगगाडी दोन्ही थांबल्या. १९७१ च्या जानेवारीत 'गंगा' नावाचे हिंदी विमान पळवून लाहोरास नेण्यात आले व पुढे तेथे जाळण्यात आले, आणि हिंदुस्थानने पाकिस्तानी विमानांस आपले आकाश बंद केले. त्याचा परिणाम कसा झाला पाहा: कराचीहून ढाक्यास सरळ वाट सुमारे २३५० किलोमीटरांची, तीच आता कोलंबोवरून साडेचार हजारांची झाली. एकाच राष्ट्राचे दोन तुकडे एका रात्रीत दुप्पट दूर गेले. नकाशावर मात्र काहीच हलले नव्हते. वर्ष संपण्यापूर्वी ते राष्ट्रच दुभंगले. त्याच युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या आरमाराच्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. त्याची आठवण म्हणून आपण तो दिवस नौदलदिन पाळतो. आई त्या सुमारास रेडिओला कान लावून बसे. आपला जय झाला ह्याचा तिला आनंद होई, आणि कियामारीचे तेलाचे साठे जळत आहेत असे ऐकले म्हणजे ती उठून स्वयंपाकघरात जाई. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत.

१९७६ साली विमाने पुन्हा सुरू झाली. १९८२ च्या ऑक्टोबरात, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली म्हणून, जहांगीर टाटांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी 'लेपर्ड मॉथ' हे तसलेच जुने लहान विमान कराचीहून मुंबईस स्वतः चालवीत आणले. वर्तमानपत्रातील ती हकीकत मी आईस वाचून दाखविली. ती म्हणाली, "अरे, ते विमान आधी इकडून तिकडे गेलेच असेल ना? तेव्हा मला टपालाच्या पिशवीत घातले असते तरी चालले असते." आम्ही सर्व हसलो. त्या काळी विमानाचे तिकीट हा आमच्या घरात बोलावयाचा विषय नव्हता. आणि नुसत्या तिकिटाने भागतही नसे. ह्या दोन देशांचा प्रवास-परवाना देशाचा नसून नेमून दिलेल्या शहरांचा असतो, आणि बहुतेकांस तेथे गेल्यावर पोलिसांत वर्दी द्यावी लागते. १९९४ साली हिंदुस्थानची कराचीतील वकिलात बंद झाली. तेव्हापासून कराचीच्या माणसास मुंबईस यावयाचे तर परवान्याचा अर्ज इस्लामाबादेस करावा लागे. पावणेनऊशे किलोमीटरांवरच्या गावी जाण्याची परवानगी अकराशे किलोमीटरांवर!

पुढील हकीकत बंद आणि उघड ह्या दोन शब्दांची आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे आकाश बंद. २००४ च्या आरंभी उघड. १८ फेब्रुवारी २००६ रोजी जोधपूरहून थर एक्सप्रेस सुटली, एक्केचाळीस वर्षांनी त्या वाळवंटातील रुळांवरून पुन्हा उतारू गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती थांबली. मुंबई-कराची विमान पाकिस्तानी कंपनीने २०१७ च्या मे महिन्यात बंद केले. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश पुन्हा बंद होते. आणि २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाल्यावर प्रवासाचे परवाने रद्द झाले, पाकिस्तानने आपल्या विमानांस व आपण त्यांच्या विमानांस आकाश नाकारले, आणि ती मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली.

ह्यात न्याय कोणाकडे हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे, आणि जवळीक ही नेहमी गोडच गोष्ट असते असेही मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी ज्या दहा जणांनी मुंबईत रक्तपात केला ते कराचीहून समुद्रमार्गेच आले होते. ज्या पाण्यावरून माझी आई आली तेच पाणी, तोच मार्ग. दोन तासांच्या अंतरावर राहणारा माणूस पाहुणा म्हणून येऊ शकतो तसा दुसऱ्या हेतूनेही येऊ शकतो, हे मुंबईने जितके भोगले आहे तितके दुसऱ्या कोणी क्वचितच भोगले असेल. दार लावणाऱ्यास कारण असते. मी फक्त दार लावल्यावर वाट किती लांबते ते मोजीत आहे.

तर ते मोजू. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा दुबईत एका हिशेबाच्या कचेरीत आहे. त्याच्या शेजारच्या मेजावर कराचीचा एक गृहस्थ बसतो. दोघे दुपारचा डबा एकत्र खातात. पुतण्याच्या डब्यातील थालीपीठ त्या गृहस्थास इतके आवडले की, आमच्या सूनबाईंस आठवड्यातून एकदा चार जास्त लावावी लागतात. मुंबई व कराची ह्यांची भेट हल्ली दुबईत होते असे म्हटले तरी चालेल, कारण एकीहून दुसरीकडे जावयाची विमानवाटही बहुधा तेथूनच. मुंबई ते दुबई सुमारे १९३०, दुबई ते कराची ११९०; बेरीज ३१२० किलोमीटर. सरळ वाटेच्या साडेतीनपटीहून जास्त. मुंबईहून पश्चिमेस जावयाचे, कराचीस उजव्या हातास टाकून पुढे निघून जावयाचे, आणि मग पूर्वेस परत यावयाचे. हवेतच पाच तासांवर जातात, मध्ये दुबईस दुसऱ्या विमानाची वाट पाहावयाची, आणि एकंदर आठ-दहा तास सहज मोडतात. तेही परवाना हाती असेल तर.

आता मघाचा आकडा काढावा. १९३२ साली एका इंजिनाच्या विमानाने, पेट्रोल बैलगाडीतून घेऊन, हीच दोन शहरे सव्वासात तासांत जोडली होती. मधल्या काळात विमानाचा वेग पाचपट वाढला, आणि वाट मात्र लांबली! मेघदूतातील यक्ष मेघास उज्जयिनीसाठी वाट वाकडी करावयास सांगतो, हे काव्य शिकविताना मी मुलांना सांगत असे की, वाकडी वाट धरण्यासही रसिकता लागते. दुबईच्या वळशाला ते भाष्य लागू पडत नाही.

घड्याळाची गंमत सांगितल्यावाचून मात्र राहवत नाही. पूर्वी हिंदुस्थानभर एक प्रमाणवेळ होती, जरी मुंबई आपली ३९ मिनिटे मागची वेळ हट्टाने चालवी. पाकिस्तानने १९५१ साली आपले घड्याळ अर्धा तास मागे घेतले. सूर्याच्या हिशेबाने पाहता दोन शहरांतील रेखांशांचा फरक पावणेसहा अंशांजवळचा, आणि अंशास चार मिनिटे धरली तर वेळेचा फरक २३ मिनिटे. म्हणजे सरकारने अर्धा तास दिला त्यात सूर्याने २३ मिनिटे आधीच दिलेली होती. राजकारणाच्या वाट्यास सातच मिनिटे येतात. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी उज्जयिनीच्या रेखेपासून देशांतराचा संस्कार करावयास सांगितले, त्यांना हा हिशेब पाहून समाधानच वाटले असते. दुबईवरून जाणाऱ्यास मात्र घड्याळ आधी दीड तास मागे व मग एक तास पुढे करावे लागते.

कराचीत आजही काही मराठी कुटुंबे आहेत. फाळणीच्या वेळी ती परतली नाहीत, आणि आता तेथलीच झाली आहेत. त्यांची नवी पिढी उर्दू व सिंधी सफाईने बोलते, घरी मराठीही टिकवून आहे, आणि भाद्रपदात गणपती बसवून त्याचे समुद्रात विसर्जन करते. चतुर्थी दोन्हीकडे एकच, समुद्रही एकच.

गेल्या ईदेस पुतण्याचा तो कराचीचा सोबती घरी गेला होता. थालीपिठांची परतफेड काय करू असे त्याने विचारले तेव्हा पुतण्याने माझे नाव पुढे केले, आणि मी एवढेच सांगून पाठविले की, नारायण जगन्नाथ शाळेवरून कधी जाणे झाले तर एक छायाचित्र काढून धाडावे. तो मुद्दाम गेला. जुना बंदर रोड आता जिना रोड झाला आहे. त्या रस्त्यावर शाळेची दगडी इमारत अजून आहे आणि शाळाही चालू आहे. कराचीत टिपलेले चित्र दुबईस व दुबईहून पुण्यास येऊन माझ्या फोनवर उमटावयास एक मिनिटही लागले नसेल. सुनेने ते मोठे करून दाखविले. फाटकाशी रिक्षा उभी आहे, आणि दप्तर पाठीस लावलेली दोन मुले, बहुधा उशीर झाल्यामुळे, आत पळत आहेत.